परातीखालची परीक्षा

परीक्षेचे नियम शाळेने मोबाइलवर पाठवले आणि ते वाचता वाचताच गुलनारचा पारा चढला. मुलाने कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसाने चित्रात यायचं नाही, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. यातलं काहीही घडलं तर परीक्षा रद्द, आणि तिसरीचा ऑनलाइन प्रवेशही रद्द.

"म्हंजे मी माह्या घरात चोर झाली काय?" तिने नवऱ्याला विचारलं. हबीब घराला लागूनच असलेल्या गॅरेजात ट्रकखाली पडला होता. बायकोचा राग शक्यतो ट्रकखालूनच ऐकायचा, अशी त्याने सवय लावून घेतली होती.

"नियम सगळ्याइलेच हाय," तो खालून म्हणाला.

"तुमाले काय, पडून राहा तिथं."

वणीच्या बाहेर, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला त्यांचं घर. दिवसभर धूळ. सादला लहानपणापासून श्वासाचा त्रास. पहिलीचं अर्धं वर्ष तो वर्गात कमी आणि दवाखान्यात जास्त होता. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की पोराला या रस्त्याने रोज चालवू नका, आणि हबीबने कुठून तरी ऑनलाइन शाळा शोधून काढली. तेव्हाही गुलनार भडकलीच होती. मोबाइलमधून पोरगं शिकत असेल तर मग मोबाइलमधून जेवूही घाला, असं ती म्हणाली होती.

पण पुण्याहून शिकवणाऱ्या दिपाली मॅडम वेगळ्या निघाल्या. पोराला धाप लागली असेल तर त्या म्हणायच्या, "साद, पडून ऐक. संध्याकाळी मी तुला एकट्याला पुन्हा सांगेन." आणि खरंच संध्याकाळी फोन यायचा. आठवड्यातून एकदा त्या गुलनारशी बोलायच्या. वजाबाकी वाटाण्यांवर कशी घ्यायची, वाचताना पोरगं अडलं तर ओरडायच्या आधी किती थांबायचं, हे समजावायच्या. सातवीत शाळा सुटलेली गुलनार पोराच्या शेजारी बसून पुन्हा शिकत होती. हे ती कोणाजवळ कबूल करत नसे. वर्गाच्या वेळी घरासमोर कोणी हॉर्न वाजवला की मात्र बाहेर जाऊन त्या ड्रायव्हरचा उद्धार करून येत असे.

आता साद धडाधडा वाचायला लागला होता. त्याला पुन्हा त्या धुळीच्या रस्त्यावर पाठवायचं नसेल तर ही परीक्षा नीट पार पडायला हवी होती. म्हणून परीक्षेच्या दिवशी गुलनारने तोंड बंद ठेवायचं ठरवलं. हे तिच्यासाठी केवढं मोठं होतं ते हबीबला माहीत होतं.

वर्गासारखीच परीक्षाही सकाळची होती. ऐनवेळी शाळेकडून निरोप आला की काही अडचणीमुळे ती दुपारी होईल. गुलनार पुन्हा भडकली, पण दुपार म्हटल्यावर जे आठवायला हवं होतं ते घरात कोणालाच आठवलं नाही.

रोज दुपारी खाणीत सुरुंग उडतात. आधी भोंगा होतो, मग थोड्या वेळाने जमीन हादरते, भांडी वाजतात आणि छताचा चुना पडतो. त्या भागातल्या घराघरात भोंग्याची कामं वाटून दिलेली असतात आणि ती करताना कोणी विचार करत नाही. गुलनारने उघड्या भांड्यावर परात झाकायची. सादने काचेच्या कपाटाला मिठी मारून दारं धरायची, कारण आत तिच्या लग्नातले कप होते. हबीबने ट्रकखालून बाहेर यायचं. हादरा गेला की जो तो आपल्या कामाला. पाहुणे दचकत, पण घरच्यांना ती अडचण वाटतच नसे.

परीक्षा छान सुरू झाली. मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता. गुलनार स्वयंपाकघराच्या दारात, चित्राबाहेर, पदर तोंडात धरून बसली होती. साद एका कावळ्याची गोष्ट वाचत होता. "कावळा झाडावर बसला आणि त्याने खाली पाहिले, तर..."

भोंगा झाला.

सादने पुस्तक ठेवलं, उठला आणि जाऊन कपाटाला मिठी मारली. गुलनार परात घेऊन धावली. डाळ झाकलेलीच होती. समोर उघडा दिसला तो मोबाइल. हबीबने हप्त्याने घेतलेला नवा मोबाइल, आणि वरून चुना पडणार. तिने परात त्याच्यावर पालथी घातली.

पुण्यात दिपाली मॅडमना दिसलं ते असं. मूल वाक्य अर्धं टाकून पळालं. मग एक भलं मोठं पितळी भांडं वरून खाली आलं आणि अंधार झाला. त्या अंधारात बाईचा संतापलेला आवाज ऐकू आला. "धर, घट्ट धर. हललास तं तंगडं मोडीन." पाठोपाठ जोराचा दणका. मग काहीतरी खळकन फुटलं आणि बाई म्हणाली, "फोडलं ना शेवटी?"

परात उचलली तेव्हा मोबाइलवर पाटी होती, परीक्षा रद्द.

गुलनार पाटीकडे बघत उभी राहिली. तिला कळायला लागलं तोवर फोन वाजला. फोनवर दिपाली मॅडम नव्हत्या, शाळेच्या मोठ्या मॅडम होत्या. त्यांचा आवाज फार गोड होता आणि तेच वाईट होतं.

"सादच्या आई, घरात सगळं ठीक आहे ना?"

"कायचं ठीक? परीक्षा काहून रद्द केली?"

"तुम्हाला राग लवकर येतो का?"

"मले?" गुलनार ओरडली. "मले राग येते? कोन म्हनते?"

"सादला कधी मारता का?"

गुलनारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आयुष्यात शेकडो लोकांवर तोंड टाकलं होतं, पण पोरावर हात उचलला नव्हता. "तंगडं मोडीन म्हनलं म्हंजे मोडते काय? आमच्याइकडे असंच बोलते," ती म्हणाली. "सुरुंग उडला मॅडम. कपाट धराले लावलं होतं पोराले."

"सुरुंग?" मोठ्या मॅडमनी विचारलं. "घरात?"

"घरात नाही वो, खाणीत. रोजच उडते."

"रोज. बरं," मोठ्या मॅडम अजून गोड आवाजात म्हणाल्या. त्यांचा यातल्या एकाही शब्दावर विश्वास बसलेला नाही, हे गुलनारला स्पष्ट कळलं.

साद कोपऱ्यात बसून रडत होता. रडल्यावर त्याला धाप लागते. "अम्मी, आता मले त्या रोडवरून जा लागन काय?" त्याने विचारलं. गुलनारने त्याला श्वासाचा पंप दिला, पाठीवरून हात फिरवला आणि तो शांत झाल्यावर खाणीच्या कचेरीला फोन लावला.

तिथे नानाजी नावाचे बाबू तक्रारी ऐकायला बसत. आठ वर्षांत गुलनारने त्यांना भिंतीच्या तड्यांसाठी, फुटलेल्या कपांसाठी, पोराच्या खोकल्यासाठी असंख्य वेळा फोन केला होता. ते दर वेळी "साहेबाच्या कानावर घालतो, भाभी" म्हणत आणि साहेबांचे कान तसेच राहत. आज तिने त्यांना बोलूच दिलं नाही.

"नानाजी भाऊ, तुमच्या त्या सुरुंगानं माह्या पोराची परीक्षा बुडली, शाळा गेली. आतापर्यंत घर हालवत होते, मी चूप राह्यली."

"भाभी, तुमी चूप कधी..."

"आता पोराची जिंदगी हालवून राह्यले. उद्या उडवून पाहा. मी सोता येऊन खड्ड्यात बसते का नाही ते पाहा. वरून उडवा मंग."

"साहेबाच्या कानावर..."

तिने फोन आपटला. मग हबीबला बोलली, फुटलेल्या कपाला बोलली, आणि बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा कणीक मळायला बसली.

संध्याकाळी दिपाली मॅडमचा फोन आला. "सादच्या आई, मी तुम्हाला ओळखते. मोठ्या मॅडमशी मी दुपारपासून भांडतेय," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी आम्ही दोघी फोनवर बसतो. तो भोंगा आम्हाला ऐकवा, हादरा दाखवा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की विषय संपला. परीक्षा पुन्हा घेऊ."

"दाखोते ना," गुलनार म्हणाली. "असा दाखोते का त्याइच्या पुन्याच्या खुर्च्या हालन." त्या भरात दुपारी आपण कोणाला काय धमकी दिली, हे ती साफ विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळं तयार होतं. साद कपाटाजवळ, हबीब हात पुसून दारात, गुलनार हातात परात घेऊन. मोबाइलवर दोन चौकटींत दोन मॅडम. सगळे वाट बघत राहिले. बाहेरून ट्रक गेले. शेजारची कोंबडी येऊन गेली. भोंगा झाला नाही.

"येते आता," गुलनार म्हणाली.

मोठ्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "रोज होतो म्हणालात ना?"

"रोज होते वो. आठ वर्सात एक दिवस सुकाचा नाही गेला." तिचा आवाज रडवेला झाला होता. "थांबा. मी पाह्यते काहून नाही उडवलं ते."

तिने परात सादच्या हातात दिली, हबीबचा फोन हिसकावला आणि अंगणात गेली.

"नानाजी भाऊ, सुरुंग काहून नाही उडवला?"

नानाजी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "भाभी, तुमच्याचसाठी तं थांबवला. लहान पोराची परीक्षा बुडते म्हनलं साहेबाले. पहिल्यांदा आयकलं त्याइनं."

"कोनी सांगतलं होतं आयकाले?"

"तुमीच."

"मंग आता उडवा. लवकर उडवा. इथं मॅडम बसून राह्यल्या ना."

"मानसं घरी गेले, भाभी. आता उद्याच."

त्यावर गुलनार जे बोलली ते गॅरेजातल्या ड्रायव्हरांनीही कान देऊन ऐकलं. आठ वर्षांचे तडे, कप, चुना, धूळ आणि पोराचा प्रत्येक दवाखाना त्यात आला. शेवटी घसा बसला तेव्हा ती थांबली. सगळं संपलं असं समजून मान खाली घालून घरात आली.

साद मोबाइलसमोर बसला होता आणि दोन्ही मॅडम हसत होत्या.

"आज भोंगा होत नव्हता, म्हणून तेवढ्यात राहिलेली परीक्षा घेऊन टाकली," दिपाली मॅडम म्हणाल्या. "कावळ्याची गोष्ट पूर्ण वाचली, गणितं सगळी बरोबर. तिसरीत गेला तुमचा साद."

"पन हादरा तं दिसला नाही तुमाले."

मोठ्या मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. आज त्यांचा आवाज साधा होता. "दिसला नाही, पण तुम्ही अंगणात जे बोललात ते आम्ही सगळं ऐकलं. मूल कपाट सांभाळायला धावलं होतं आणि मी त्याच्या आईला भलतंच विचारलं. चूक माझी होती."

रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते गुलनारला माहीत होतं, चूक कबूल करणाऱ्याशी बोलायची तिला सवय नव्हती. ती "चाय पेता काय" असं मोबाइललाच विचारून बसली.

फोन बंद झाल्यावर साद नाचत गॅरेजात सांगायला गेला. हबीब म्हणाला, "त्या नानाजीले जरा चांगलं बोल आता. बिचाऱ्यानं आयकलं तुह्यं."

हे तिलाही पटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने नानाजींना हळू आवाजात फोन केला.

"नानाजी भाऊ, पोरगं पास झालं. तुमी आज सुरुंग थांबवला म्हनून झालं. लय उपकार झाले."

"उपकार कायचे, भाभी," नानाजी खूश होऊन म्हणाले. "साहेबाले एक शब्द सांगतला, त्याइनं एक फोन केला, थांबलं काम. काहीच तरास नाही पडला."

"एक फोन?"

"एकच."

गुलनार दोन्ही पाय रोवून उभी राहिली. अंगणातून हबीबने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो मुकाट्याने ट्रकखाली गेला.

"म्हंजे थांबवता येत होतं," ती म्हणाली. "माह्या पोराले धाप लागत होती तवा बी थांबवता येत होतं. मंग आठ वर्स काहून नाही थांबवलं, नानाजी भाऊ?"

नानाजी खाकरले.

"साहेबाच्या कानावर घालतो, भाभी," ते म्हणाले.