पंच निशिकांतराव यांच्या बडतर्फीची मोहीम

श्री. शके १९३६, जयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध पंचमीचे दिवशी, सिंगापूर बेटी, ईस्ट कोस्टच्या मुलखात, एका काँडोच्या, म्हणजे बंदिस्त गृहसंकुलाच्या, फंक्शन रूममध्ये मराठी मंडळींचा जो संग्राम जाहला, त्याची हकीकत ऐसीजे. प्रकरण मोठ्या मसलतीचे. रक्त सांडले नाही. पंचामृत सांडले, ते पुसले.

मंडळाचे अध्यक्ष राजश्री विवेकराव, हार्बरफ्रंटच्या जहाजी कचेरीतील बडे अंमलदार, मूळचे चिंचवडचे. काँडो त्यांचा, फंक्शन रूम त्यांच्याच नावे मिळे, सबब उत्सवाचा कारभार दरोबस्त त्यांजकडे. तंटे तोडण्यास पंच राजश्री निशिकांतराव, तोआ पायोहचे राहणारे. त्यांजपाशी किल्ली नाही, माइक नाही, मंडळाच्या घटनेने दिलेला शब्द तेवढा होता.

आणि आरत्यांपैकी एकीत देवास बोलावण्याची ओळ आहे, तेथे सूर श्वास संपेतो ओढायचा हा पिढीजात रिवाज. त्या सुरात लिहिणाराचे कुटुंब मधुवंती दरसाल सर्वांच्या मागे उरे. गेल्या साली ती इतकी उरली की, वरच्या मजल्यावरील लिम आंटी, आगीची घंटा वाजते ऐसे समजून, पासपोर्ट आणि मांजर घेऊन जिना उतरत्या जाहल्या, आणि मग काँडोवाल्यांनी विवेकरावांस सक्त समज दिली. मग माघ मासी मधुवंती वारली.

यंदा चतुर्थीपूर्वी विवेकरावांनी व्हॉट्सॲपवर हुकूम रवाना केला की, सदर सूर चार मात्रांत आटोपावा, आणि जो अधिक ओढील त्यास मागे, पाण्याच्या पिंपापाशी उभे करावे. तेव्हा लिहिणाराने पंचाकडे फिर्याद केली. घर रिकामे जाहलेच होते. ती ओळही आखूड केली तर तिची म्हणावी ऐसी जागा या बेटावर उरत नव्हती.

पंचांनी दोन्ही पक्ष हॉकर सेंटराच्या खाणावळीत बोलावून, कॉफी पाजून, निवाडा केला की, किल्ली, खुर्च्या, माइक आणि प्रसादाची रांग अध्यक्षांच्या अखत्यारात. श्वास ज्याचा त्याच्या अखत्यारात. रिवाज मोडणे तर सर्वसाधारण सभेस पुसावे, एकट्याने हुकूम काढू नये. सबब हुकूम रद्द.

विवेकराव बहुत संतापले. हा पंच आहे की विरोधी पक्ष, ऐसे बोलून त्यांनी निशिकांतरावांस बडतर्फ करण्याचा ठराव योजिला, आणि पंच गेला की हुकूम पुन्हा जारी करावा ऐसा मनसुबा केला. मग चिटणीस प्रबोधपंत एमआरटीच्या आगगाडीने कूच करून घरोघर गेले आणि म्हणाले, "अध्यक्ष रुसले तर पुढच्या वर्षी हॉल कुठला? गणपती काय लिफ्टपाशी बसवायचा?" आणि मोठमोठे इंजिनियर या एका वाक्याने गारद जाहले. बडतर्फीस लागणारे दोन तृतीयांश हात वर होतील ऐसा अदमास लागला.

खाशांच्या गोटात मात्र फितूर होता. संजीवनीबाई मोदक वळता वळता यजमानांस म्हणाल्या, "अहो, लोकांच्या श्वासावर कसले हुकूम काढता? तुम्ही घोरता, त्यावर काढा आधी." त्यावर विवेकराव खुर्च्या मोजण्यास गेले.

पंचांस सांगून पाहिले की निवाडा फिरवा, पद राहील. ते म्हणाले, "पद घेऊन जा. निवाडा दिला तो दिला."

मग पंचमीस सायंकाळी तमाम मंडळी दाखल जाहली. ठराव आधी घ्यावा ऐसे प्रबोधपंतांचे मत. परंतु देव आसनावर असता आरतीवाचून सभा उघडत नाही, आणि तबक अध्यक्षांनी धरायचे, हाही रिवाजच. विवेकरावांनी तबक घेतले, डोळे मिटले, आणि आरत्या चालू लागल्या. मग ती ओळ आली. मंडळी हॉलच्या भयाने चार मात्रांत गप्प जाहली. निशिकांतरावांनी श्वास भरून घेतला होता, तोही समोरचा प्रकार पाहून तसाच राहिला.

कारण एक सूर थांबला नव्हता. तो खुद्द विवेकरावांचा. चिंचवडास लहानपणी लागलेली सवय, डोळे मिटलेले, हुकमाची आठवण कोठली. संजीवनीबाईंनी कोपर मारले. त्यांस वाटले तबक कलले. त्यांनी तबक वर उचलले आणि सूरही चढविला. मग निशिकांतरावांनी आपला श्वास सोडला, आणि मग प्रबोधपंतही चिटणीसपण विसरून सामील जाहले, आणि काचा थरथरल्या. लिहिणाराही सामील जाहला, परंतु त्याचा श्वास मध्येच तुटला. उरलेला सूर त्याने ऐकला.

आरती सरली, विवेकरावांनी डोळे उघडले, आणि तमाम सभा आपणाकडे पाहते ऐसे पाहून त्यांस उमगले. चेहरा कुंकवासारखा जाहला.

प्रबोधपंत हळूच म्हणाले, "ठराव मांडू का?"

"तू आधी प्रसाद वाट." मग पंचांकडे वळून विवेकराव पुसते जाहले, "हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा काय?"

पंचांनी निर्णय सांगितला की, हुकूम रद्दच होता, तेव्हा मोडला कोणीच नाही. गुन्हा शाबीत होत नाही.

"पण ठराव कागदावर आहे," प्रसाद वाटून येऊन प्रबोधपंत म्हणाले. मग रीतसर हात वर करण्यास सांगितले. अध्यक्षांचे दोन्ही हात तबकात गुंतलेले, बाकीच्यांचे प्रसादात. ठराव पडला.

नंतर विवेकराव लिहिणारापाशी येऊन, तबक धरूनच, म्हणाले, "माझा श्वास संपला ना, तरी वाटलं, मागे कुणीतरी अजून धरून आहे. थांबायला लाज वाटली हो."

लिहिणारा म्हणाला, "दरवर्षी तुम्ही तिच्या आधीच थांबत होता."

"हो ना," विवेकराव म्हणाले, आणि तबक घेऊन मागे, पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभे राहिले.

येणेप्रमाणे पंच कायम, सूर कायम, अध्यक्षही कायम, आणि काँडोवाल्यांस उत्तर अध्यक्षांनी स्वतः द्यावे ऐसे ठरले. मोहीम फत्ते जाहली. घसे सर्वांचेच बसले होते, सबब जयघोष कोणास करता आला नाही. तो येथे लेखी केला आहे.