विमानाला बांधलेलं तवसं

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतील. आणि 'मी, मी' लिहायची लाज वाटते, म्हणून गोष्टीत मी स्वतःला सर्वेश म्हणतो. (खरं नावही तेच आहे.)

तर तारकर्लीचा सर्वेश होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचे सासरे, म्हणजे पूजाचे बाबा, वीस वर्षं हवाई दलात होते. लग्नाला चार वर्षं झाली, तरी सासऱ्यांशी त्याचं बोलणं 'बसा' आणि 'चाय घेतल्यात?' याच्या पुढे गेलं नव्हतं. यंदा गणपतीला ते राहायला येणार म्हटल्यावर त्याने ठरवलं, तोंड चालत नाही तर हात चालवूया. सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरा केलात' ऐकायचंच.

मोबाइलवर त्याला पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान सापडलं. एकावर एक दोन पंख, मध्ये दांडके, दांडक्यांत ताणलेल्या तारा. सावंतवाडीच्या खेळणीवाल्याकडून त्याने पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं. एकेका पंखात सव्वीस फासळ्या, तारांच्या जागी मासे गरवायचा नायलॉनचा तंगूस, मशीनगनला पेनच्या रिफिली, नाकावर फिरता पंखा. पाच महिने वर्कशॉपात लपून काम चाललं. (त्या काळात त्याने दुरुस्त केलेली दोन इंजिनं उलटी फिरली असं म्हणतात.) वैमानिकाला त्याने सासऱ्यांसारखी झुपकेदार मिशीसुद्धा लावली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरात कुणी नसताना त्याने विमान बाहेरच्या खोलीत टांगलं. छताला कड्या एकाच जागी होत्या, गणपतीच्या चौरंगाच्या बरोबर वर. मग तो सासऱ्यांना आणायला कुडाळ स्टेशनवर गेला.

आता सर्वेशची आई, राधाबाई, महिनाभर त्याच्यामागे लागली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी, म्हणजे फळं बांधायची लाकडी चौकट, वाळवीने खाल्ली होती. नवी कर, नवी कर. सर्वेश 'होय' म्हणायचा आणि विसरायचा. ती घरी आली, वर बघितलं, आणि तिने टोपली उघडली.

सासऱ्यांना घेऊन सर्वेश दारात आला तेव्हा वरच्या पंखाला सुपारीचे घोस होते, खालच्याला नारळ, कवंडळाची लाल फळं आणि रानफुलं. मिशीवाला वैमानिक तेरड्यात बुडाला होता.

"झिला, माका सांगूक नाय तां," आई डोळे पुसत म्हणाली. "दोन मजल्याची केलंस मरे."

एकदा बांधलेली माटवी विसर्जनापर्यंत उतरवत नाहीत. सर्वेश सासऱ्यांची बॅग हातात धरून वर बघत राहिला.

सासरे मात्र स्टूल मागून वर चढले. दांडके हलवून बघितले, तंगूस बोटाने वाजवला. आठ नारळ लटकत होते आणि पंख केसभर वाकला नव्हता.

"बरा केलात जावयबापू," ते म्हणाले. सर्वेशचं काळीज विमानापेक्षा वर गेलं. "पण माटवेक पंखो कित्याक लावलात?"

सर्वेशने पूजाकडे पाहिलं. "बाबा विमानांकडेच होते ना?" त्याने हळूच विचारलं.

"मेसमध्ये," पूजा म्हणाली. "चारशे माणसांची आमटी करायचे. तुम्ही कधी विचारलात?"

तोवर सासरे खाली उतरले होते. मागच्या बाजूला माटवी जरा हलकी आहे, नाकावर कलते, एवढंच त्यांनी सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेश लवकर उठला, आंघोळ केली आणि स्टुलावर चढून विमानाच्या शेपटीला एक मोठं तवसं बांधलं. सासऱ्यांचं खरं होतं. काकडी बांधल्यावर विमान अगदी सरळ झालं.