मामांच्या वळणावर गेलेली गाडी

कचेरीत फाइली पोचवणारी आपोआप चालणारी गाडी पुन्हा स्वच्छतागृहात सापडली, तेव्हा इंजिनीअरबाईंनी कपाळाला हात लावला. शुक्रवारी साहेबांसमोर चाचणी होती. ती फसली तर बाईंची कायम होऊ घातलेली नोकरी गेलीच म्हणायची.

गाडीनं चुकत चुकत शिकावं, अशी योजना होती. फाइल पोचली की गुण, धडकली की गुण वजा. तीन आठवड्यांत तिनं अकरा खुर्च्या, दोन कुंड्या आणि एक कॅशियर आडवा केला होता. वजा गुणांचं तिला काडीचं सोयरसुतक नव्हतं.

"आंधळ्यासारखी कशाला हिंडवता, ताई?" शिपाईमामा म्हणाले. बत्तीस वर्षं इथल्या फाइली त्यांनीच नेल्या होत्या. "आधी कुणा जाणत्याला विचारावं, मग हिंडावं."

बाईंना पटलं. त्यांनी मामांच्या खिशात आठवडाभर रस्ता टिपणारं यंत्र ठेवलं आणि सहीचा माणूस मामा जातात तिथे आधी शोधायचा, असं गाडीला पढवलं.

शुक्रवारी साहेबांनी स्वतः फाइल ठेवली. "तीन सह्या. शेवटची माझी. बघू या."

गाडी हिशेबनिसांच्या टेबलाला वळसा घालून थेट मागच्या जिन्याकडे निघाली.

"अहो, ही कुठे चालली?"

"शोधतेय, सर." बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

जिन्याखाली हिशेबनीस पत्ते पिसत होते. साहेबांना पाहून त्यांनी मुकाट सही केली. तिथून गाडी वाहनतळावर गेली. उपसाहेब आपल्या मोटारीत गाणी ऐकत पहुडले होते. दुसरी सही झाली.

"जागेवर कुणीच बसत नाही का इथे?" साहेब कडाडले. मागे अख्खी कचेरी जमली होती.

मामा लगबगीनं पुढे आले. "साहेब, इथंच थांबवू या का गाडी?"

"मुळीच नाही! आज सोक्षमोक्ष लागू दे!"

साहेबांच्या केबिनकडे गाडीनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती जुन्या कागदपत्रांच्या खोलीपाशी गेली, दाराला हलकेच टेकली आणि अदबीनं उभी राहिली. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्याशा धक्क्यानंही दार उघडलं. आत सतरंजी, उशी आणि साहेबांचा दुसरा चष्मा.

कुणी हसलं नाही. नोकरी सगळ्यांनाच प्यारी होती. साहेबांनी पेन काढून तिथेच सही केली आणि घसा साफ केला.

"गाडी उत्तम शिकलीय. बाईंना कायम करा." मग मामांची नजर चुकवत ते म्हणाले, "फक्त हे शिकवलेलं सगळं पुसून टाका. तिचं तिला शिकू दे."