शुभकार्यात वजा नको

यंत्र बनवणं हे एकट्यादुकट्याचं काम असतं. त्याला वीज कुठून द्यायची हे ठरवणं मात्र समाजाचं काम आहे, आणि समाज ते फार मनावर घेतो.

१९८४ साली सीमाभागातल्या वडगावच्या भावकूनं सिंथेसायझर बनवला. म्हणजे तारा नाहीत, भाता नाही, नुसत्या विजेवर सूर काढणारं वाद्य. शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यातली पाळी संपवून तो घरी सोल्डरिंग करत बसे. एका डब्यात सूर निघे, दुसऱ्यात तो गाळला जाई, तिसऱ्यात त्याला आकार येई. (डब्यांमधल्या वायरींच्या गुंत्यामुळं शेजारी त्या यंत्राला ‘टेलिफोन एक्स्चेंज’ म्हणत.) वडील वारले होते. बहिणीच्या, अंबूच्या लग्नात मंगलाष्टकांना आपणच साथ करू, असा शब्द भावकूनं तिला दिला होता.

यंत्राला अधिक बारा व्होल्ट, वजा बारा व्होल्ट आणि मधे शून्य, एवढंच हवं होतं. वडगावात यंत्रमाग सुरू झाले की दिवे मान टाकतात, मग सुराचं काय? म्हणून भावकूनं गल्लीतल्या मायाप्पाच्या दोन टेम्पोंच्या बॅटऱ्या मागितल्या. दोन्ही एकीला एक जोडल्या की एका टोकाला अधिक, दुसऱ्याला वजा आणि मधल्या सांध्यावर शून्य. मायाप्पा म्हणाला, “ने की रं.” गोष्ट इथंच मिटायची, पण चुलते मारुतीराव गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी सभा बोलावली.

कामकाज आदर्श झालं. मधल्या शून्यावर हक्क अधिकाचा की वजाचा, यावरच सगळ्यांचे घसे बसले (सीमाभागात हे साहजिक आहे). शून्य तूर्त केंद्राकडं द्यावं, अशीही एक सूचना आली. शेवटी मारुतीरावांनी मूळ दोषावर बोट ठेवलं.

“वजा कशाला रं? लग्नाचं घर हाय. शुभकार्यात उणं काय नको.”

“आप्पा, वजाबिगर ते चालतच न्हाय,” भावकू म्हणाला.

“चालतंय. दोन्हीकडं अधिकच लाव. डब्बल वाजंल.”

टाळ्या पडल्या. टेम्पोतून वऱ्हाड यायचं असल्यानं बॅटऱ्या बाद झाल्या. त्यांच्या जागी मंडळाचा एलिमिनेटर मंजूर झाला. तो भिंतीतल्या विजेवर चालणारा, वजनदार, तांबडा दिवा असलेला आणि फक्त अधिकच देणारा होता. ठराव एकमतानं संमत. (भावकू घरचाच, म्हणून त्याचं मत धरलं नाही.)

लग्नाच्या दिवशी भावकू जोडणी करीना. तेव्हा मारुतीरावांनीच वायरी हातात घेतल्या.

“आप्पा, फुटंल त्ये.”

“मांडवात अभद्र बोलू नगंस.”

बटण दाबताच यंत्र रेड्यासारखं एकदा हंबरलं, आत काहीतरी फट्‌दिशी फुटलं आणि धूर निघाला. वऱ्हाडाला तो फटाका वाटला. अर्ध्या मांडवानं अक्षता टाकूनही घेतल्या. भावकू गार झालेल्या डब्यांशी खाली मान घालून उभा राहिला.

अंतरपाटाआडून अंबू म्हणाली, “दादा, तू तोंडानं म्हण की रं.”

भावकूनं मंगलाष्टकं म्हटली. पहिल्या कडव्याला आवाज फाटला, दुसऱ्याला सावरला. अंबू रडली, आणि तिला बघून नवरदेवही.

मंडळानं रीतसर चौकशी केली. यंत्राची वृत्तीच नकारात्मक असल्याचं आढळलं. एलिमिनेटरला काहीही इजा झाली नव्हती, म्हणून त्याचा नारळ देऊन सत्कार झाला.

वाचकहो, आपण त्या सभेत असता, तर भावकूच्या बाजूनं ठामपणे बोलला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सभा संपल्यावर. चपला शोधताना.