सटवाजी भोयाने हिरी कुणबीण पार नेली त्याची हकीकत

जी धरणी राव आणि रंक दोघांचे पाऊल सारखेच सोसते, तिजला नमन करून लिहिणे जे: शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तले ते ऐसे. सरकारचे कन्येचे लग्न निघाले, आणि नवरीबरोबर आंदण म्हणून हंडे, दुभती म्हैस आणि मैनी नावाची पोर द्यावी ऐसे ठरले. मैनी ही हिरी कुणबिणीची लेक. हिरीस दुष्काळात गावावरून धरून आणिली आणि दासी करून ठेविली होती. तिने सरकारचे पाय धरिले आणि म्हणाली, "महाराज, लेकीसंगं मलाबी धाडा." सरकार विडा चघळीत बोलिले, "पारडी देताना तिची माय कोणी देतो काय?" आणि सभेतील शास्त्री, मानकरी सारे हसले. भोयांचा नाईक सटवाजी दाराशी उभा होता, त्याचे अंगाचा तिळपापड जाहला. मनात म्हणाला, या धन्यास आपण खांद्यावर मिरवितो, तेव्हा या पापात आपलाही खांदा आहे.

मग त्याने आपले भोई फोडिले आणि बाईसाहेब देवीची ओटी भरावयास जातात ऐसे सांगून मेणा काढिला, आणि आत मायलेकी बसवून पडदे सोडिले. नदीपार दुसरे राज्य, तेथे माणूस विकण्याची मनाई होती. नदीचे चौकीवर हवालदाराने पुसिले, "आत कोण?" सटवाजी म्हणाला, "बाईसाहेब. पडदा उचलून खात्री करावी, मग सरकारास जाब आपणच द्यावा." हवालदार मागे सरला, आणि ज्या हिरीस रोज लाथा बसत तिजला लवून मुजरा केला. पैलतीरी उतरून हिरी म्हणाली, "नाईक, आता कुठं जाऊ?" "पाय नेतील तिथं. आजपासून पाय तुझे."

सटवाजी आणि त्याचे भोई बायकोमुलांसाठी माघारे आले, आणि नाईक म्हणून सटवाजी धरिला गेला. सरकार म्हणाले, "माझी कुणबीण चोरलीस." तो बोलिला, "चोरून आणली तुम्ही. मी सोडून आलो." मग त्यास खांबास बांधून पाठ फुटेतो फटके मारिले, आणि शास्त्री शेजारी सुपारी कातरीत बसले. तों साऱ्या भोयांनी पालख्या आणोन दारी टाकिल्या आणि म्हणाले, "नाईक सुटंल तवा नवरी उचलू." मुहूर्त टळू लागला, वऱ्हाड खोळंबले, तेव्हा सरकारांनी दात खाऊन त्यास सोडिले. नवरी सासरी पोचविली, आणि नाईक व सारे भोई बायकापोरांसह परस्पर नदी उतरून गेले, ते फिरोन आले नाहीत.

सारांश, दयेने जे न जाहले ते खांदा काढिल्याने जाहले. मैनी पुढे आपले घरी नांदली. लेखनसीमा.