लाल बटण आणि पंखवाला कुत्रा

"अगं, खऱ्याखुऱ्या बैलाच्या जबड्यात हात घालणारा माणूस मी. तुझ्या पत्त्यांतल्या प्राण्यांना मी भिणार होय?" असं म्हणून डॉक्टरांनी लेकीच्या हातातून टॅब्लेट काढून घेतला, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

डॉक्टर जनावरांचे. लेक सातवीतली, नाव काहीही असलं तरी सगळे तिला टिकली म्हणत. सुट्टीभर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी एका ऑनलाइन खेळाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. आपल्या हातातला पत्ता टाकायचा, की त्यावरचा प्राणी पडद्यावर जिवंत होऊन समोरच्याच्या प्राण्याशी झुंजतो. तिघींचा संघ उपांत्य फेरीत पोचला होता. एक मैत्रीण जिंकली होती, एक हरली होती, आणि आता सगळा भार टिकलीवर होता. ऐन सामन्यात तिच्या दाढेत भरलेलं सिमेंट निघून आलं आणि पोरगी गाल धरून कळवळली. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात होत्या. आत्ता या, नाहीतर दोन दिवसांनी, असा त्यांचा निरोप आला.

"बाबा, तू फक्त लाल बटण दाब," जिन्यावरून टिकली सांगत होती. "आपला गेंडा आहे, त्यांचा शेवटचा कुत्रा उरलाय. हल्ला, हल्ला, हल्ला. दुसरं काहीही करू नकोस. आपण हरलो तर त्या दोघी माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत."

"जा गं तू निर्धास्त."

दवाखान्यात एकच पेशंट उरला होता. तीन आठवडे चोच न उघडलेला एक पोपट, पिंजऱ्यात मान खाली घालून बसलेला. त्याला घेऊन आलेल्या काकू डॉक्टरांकडे बघत होत्या.

"अहो, आमचा नंबर?"

"एक मिनिट, काकू. इथे इमर्जन्सी आहे."

डॉक्टरांनी लाल बटण दाबलं. गेंडा धावला आणि पंखवाल्या कुत्र्याला धडकला. डॉक्टर खूश झाले. मग कुत्र्याची पाळी आली आणि त्याने गेंड्याचा खांदा फाडला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, टॅब्लेट नाकाजवळ आणला.

"जखम खोल आहे. याला आता धावायला लावणं बरं नाही."

लाल बटणाच्या शेजारी हिरवं बटण होतं, विश्रांतीचं. गेली वीस वर्षं डॉक्टर लोकांना ओरडून सांगत आले होते, की जनावर दुखावलं असेल तर आधी त्याला कामावरून सोडा. बोट आपोआप हिरव्यावर गेलं. गेंडा डुलत डुलत बाजूला झाला आणि त्याच्या जागी एक साळिंदर आलं. एका फटक्यात तेही लंगडायला लागलं. पुन्हा हिरवं बटण. मग आलं कासव. त्याच्या पाठीला चीर गेली आणि डॉक्टरांचं बोट परत हिरव्याकडे वळलं.

काकू आता पिंजऱ्यासकट त्यांच्या खांद्यामागे येऊन उभ्या होत्या. "अहो, सगळ्यांना झोपवून ठेवलंत तर लढायचं कुणी?"

"काकू, गप्प बसा जरा. कासव म्हातारं आहे."

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावायला लागलं होतं. विश्रांती घेऊन गेंडा परत मैदानात आला. पहिल्याच धडकेने समोरच्या कुत्र्यात नावापुरता जीव राहिला होता. एक धडक, की सामना टिकलीचा. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळला. एवढं सोपं काम, आणि ते लेकीला शब्द देऊन बसले होते.

"दाबा," काकू म्हणाल्या. "लाल. लाल दाबा."

डॉक्टरांनी बोट उचललं. तेवढ्यात कुत्रा केविलवाणं विव्हळला आणि मागचा डावा पाय वर उचलून उभा राहिला.

"हा पाय टेकवत नाहीये," डॉक्टर पुटपुटले.

"नसू दे टेकवत. दाबा!"

"घोट्यातच आहे काहीतरी."

हातातल्या पत्त्यांमध्ये औषधाची बाटली होती. टिकलीने ती गेंड्यासाठी जपून ठेवली होती. बोट बाटलीवर गेलं. काकूंनी श्वास रोखला. बाटली पडद्यावरून सरकत गेली, गेंड्याला ओलांडून पुढे गेली आणि थेट कुत्र्याच्या पायावर रिकामी झाली.

"अहो डॉक्टर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" काकू किंचाळल्या. "कुणाच्या बाजूचे तुम्ही? अहो, कुणाच्या बाजूचे?"

डॉक्टर भानावर आले तेव्हा उशीर झाला होता. ठणठणीत झालेला कुत्रा पंख झटकून उडाला. त्याने गेंडा आडवा केला, साळिंदर आडवं केलं आणि म्हाताऱ्या कासवाचीही गय केली नाही. पडदा काळा झाला. संघ स्पर्धेबाहेर गेला होता.

जिन्यावर पावलं वाजली. टिकली आत आली, अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. तासभर तोंड उघडायचं नाही अशी ताकीद मिळालेली. तिने टॅब्लेट बघितला, मग बापाकडे बघितलं.

"त्याचा पाय दुखत होता गं," डॉक्टर म्हणाले. "माझं चुकलं. त्या दोघींना मी स्वतः फोन करतो."

टिकलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला खूप काही बोलायचं होतं. तिने हात उडवले, कापसामागून नुसतं "ऊं, ऊं" केलं आणि वैतागून पाय आपटला.

तेवढ्यात पिंजऱ्यात खुडबुड झाली. पोपटाने मान वर केली, पिसं फुलवली आणि तीन आठवड्यांनी चोच उघडली.

"अहो डॉक्टर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

काकूंनी आनंदाने पिंजरा छातीशी धरला आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून सांगायला लागल्या. टिकली पोपटाकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवत होती. आणि डॉक्टर, आयुष्यात पहिल्यांदाच, बऱ्या झालेल्या पेशंटला परत गप्प कसं करता येईल याचा विचार करत होते.