बदक बोटीची उंच गादी

अन्याय झाला तो केरबा सूर्यवंशी यांच्यावर. झाला होळीच्या आदल्या दिवशी, साहेबलोकांचं दुपारचं जेवण उरकल्यावर. आणि नेली ती एक गादी: निळ्या रेक्झिनची, पाठीच्या बाजूनं वीतभर उंच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जमणार नाही.

केरबातात्या आमच्या गल्लीत राहतात आणि शिरूर अनंतपाळजवळच्या एका तळ्यावर बोटी सांभाळतात. तळ्यात पाणी नाही. शेळ्या मधोमध फिरतात आणि तिथंच, भेगाळलेल्या मातीत, पायडल मारायच्या दोन बोटी बदकासारख्या माना वर करून बसल्यात. ठेकेदार "पाणी आलं की येतो" म्हणून जो गेला तो गेला. तात्या मात्र रोज सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून कामावर जातात.

काम म्हणजे बोटीच्या गाद्या पुसणं. ओल्या फडक्याला शाम्पूचा एक थेंब, शिलाईच्या खाचेत जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं. एकदा एकानं रॉकेलनं चकाकी येते म्हणून सांगितलं, तर तात्या दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुसलेली गादी सावलीत उभी करायची, चेन खालच्या बाजूला, म्हणजे आतलं पाणी निथळतं. रेक्झिनवर रेक्झिन ठेवायचं नाही, चिकटतं. "उन्हाला गादी दाखवायची, द्यायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

टँकरपुढं घागरींची रांग लागलेली असताना हा उद्योग कुणाला खपणार?

"तात्या, माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी गाद्यांला आंघोळ घालून राहिलेत व्हय?" शेजारची सुमन कडाडायची.

"आंघोळ कुठली गं? तोंड पुसून राहिलो." तात्या पेला उंचावून दाखवायचे. "माझ्या दाढीचं पाणी हाय."

ते खरं होतं. तात्यांची दाढी वाढलेली दिसली की समजायचं, बोटीच्या गाद्या आज चकाचक आहेत.

मी नव्या जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं वाटते. त्यातलं एक तात्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते नीट वाचलं आणि विचारलं, "जिल्हा झाल्यावर तळ्यात पाणी येतंय का?"

"पाणी नाही तात्या, कलेक्टर जवळ येईल."

"ते बोटीत बसतेल का?"

"बसतील की."

"मग झालाच पायजे."

पण धरण्याला बसायला गाद्या मागितल्या तर साफ नाही म्हणाले. "सतरंजी न्या. गादीवर बसलेल्याची मागणी कोण ऐकतंय?" मी चिडले, आणि घरी येऊन विचार केला तर मुद्दा बरोबर होता. पाणी कधी येणार म्हणून छेडलं, तर त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य तयार असायचं: "पाणी येतच असतंय. गादी तयार पायजे."

होळीच्या आदल्या दिवशी पाणी आलं नाही, दुष्काळ बघायला पथक आलं. दुष्काळ दिसावा म्हणून त्यांना तळ्याच्या मधोमध नेलं. खुर्च्या कुणी आणल्याच नव्हत्या. गावातल्या एका पुढाऱ्यानं बोटींतल्या गाद्या ओढून उन्हात मांडल्या. तात्या एकेक गादी बोटींच्या सावलीकडं सरकवत होते आणि साहेब गादीबरोबर सरकत होते.

मोठे साहेब उंच गादीवर बसले. "वा! कंबरेला काय आराम आहे हो!"

झालं. निघताना पुढाऱ्यानं ती गादी उचलून साहेबांच्या गाडीत टाकली.

"ओ, ती आमची हाय," तात्या म्हणाले.

"तळं सरकारचं, गादी सरकारची. आन् या ढेकळात बोट कुठं हाकायलाव तात्या?"

गाडी सुटली. तात्या धुरळ्यात मागं पळाले. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी घोषणेसाठी घसा साफ केला. तात्या ओरडले, "साहेब, मागल्या काचंजवळ ठेवू नका! ऊन लागतंय तितं!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निषेधाचा मजकूर घेऊन तळ्यावर गेले. तात्या बोटीत आपल्या जागी बसलेले. शेजारची जागा रिकामी, आणि बोटीच्या कडेला धरून उभी होती गयामावशी, त्यांची बायको.

मावशीचं माहेर किल्लारीकडचं. भूकंप झाला तेव्हा ती माहेरी होती, पाठीवर तुळई पडली. तेव्हापासून तिनं कलंडायचं, नाहीतर उभं राहायचं. बसणं म्हणून नाही. तात्यांनी उरलेल्या रेक्झिनची आणि फोमची ती गादी शिवली. मावशीनं बसायचं, तात्यांनी "टोचतंय का?" विचारायचं आणि पुन्हा उसवायचं. अशी ती वीतभर उंच झाली. तळं भरलेलं असताना गिऱ्हाईक गेलं की दोघं एक फेरी मारायचे. पाणी आटलं, फेरी नाही आटली. रोज संध्याकाळी मावशी तांदूळ निवडत बसायची, तात्या पायडल मारायचे, खालचं चाक हवेत करकरायचं. थोड्या वेळानं मावशी म्हणायची, "फिरवा माघारी, अंधार पडायलाय." आणि तात्या खरंच दांडा वळवायचे.

"दुसरी गादी शिवा की तात्या," मी म्हटलं.

"शिवली. बसंना झाली." त्यांनी बोटीतली नवी गादी दाखवली. "गादी शिवून होत न्हाई गं पोरी. बसून बसून होतीया. त्या जुनीला किती वर्सं लागली."

"मावशी, टेका तरी जरा."

"बसते की," मावशी म्हणाली. "तुमचा जिल्हा झाल्यावर." आणि हसली. उभ्यानंच. तात्यांनी दोनदा पायडल मारलं आणि थांबवलं.

निषेधाचा मजकूर मी फाडला. त्यात सगळं होतं, मावशीची पाठ नव्हती. हे त्याऐवजी लिहिलंय.

त्या दिवशी तळ्यावर आलेल्या गाड्यांपैकी एखादी तुमची असेल, तुमच्या साहेबांची असेल, तुम्ही ती चालवत असाल, तर मागचं सीट बघा. साहेबांच्या कंबरेला दुसरं काहीही मिळेल. गादी परत आणा. आणि आणताना उभी आणा, चेन खाली, उन्हाला न देता.